विशेष नैमित्तिक रजा

मराठी मध्यमवर्गात कुटुंब पूर्ण झाल्याची घोषणा करण्याचा मान पुरुषाकडे असतो. दुसरं मूल पाळण्यात पडलं की तो पाहुण्यांसमोर हात झटकतो आणि म्हणतो, "आता बास! आमचं झालं." झालं ते झालेलंच राहावं यासाठी पुढे कोणी काय करायचं, हा तपशील त्याच्या अखत्यारीत येत नाही. डब्यांची झाकणं, मुलांचे डोस आणि चुलत नणंदेच्या लग्नाचा आहेर ज्या खात्यात जातात, तिथेच हाही जातो. "ऑपरेशन झालं का?" हे आपल्याकडे फक्त बाईला विचारतात. लग्नाच्या पंगतीत एखाद्या बापाला कोणी जिलबी वाढता वाढता असं विचारलंय, हे मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्याकडेही सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. दुसऱ्या सिझेरियनच्या वेळीच बायकोचं "ते पण करून टाकू" असं बाहेर बाकड्यावर बसलेल्यांचं एकमताने ठरलं होतं. ठरवणाऱ्यांत मी, माझी आई, सासूबाई आणि कोणाला तरी भेटायला आलेले एक अनोळखी गृहस्थ होते. जिचं करायचं ती आत टेबलावर असल्याने तिचं मत घेता आलं नाही. पण तिचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज नको, नंतर बघू." मग तांबी बसवली, ती तिला सोसेना. गोळ्या घेतल्या की डोकं धरून बसायची. असं करता करता धाकटा बालवाडीत गेला आणि एका रात्री बायको म्हणाली, "अहो, माझं दोनदा पोट फाडून झालंय. आता तुमचं बघा." एवढं बोलून ती सहामाहीचे पेपर तपासायला बसली.

मी सरकारी नोकर. आमचं खातं पाण्याचं आहे, याहून जास्त सांगत नाही. अशा प्रसंगी काय करायचं याचं आम्हाला शिक्षणच मिळालेलं असतं. मी ताबडतोब तत्त्वतः मान्यता दिली. तत्त्वतः मान्यता ही फार गोड गोष्ट आहे. ती मिळालेली धरणं आमच्याकडे कागदावर म्हातारी झाली, त्यांच्या नावाने निवडणुका लढवून झाल्या, पण जमिनीत कुदळ पडली नाही. दुर्दैवाने बायकोने माझ्याबरोबर इतकी वर्षं काढली आहेत. पेपरावरून मान वर न करता ती म्हणाली, "प्रशासकीय मान्यता मी दिली. तारीख सांगा."

मग मी अभ्यास सुरू केला. काम टाळण्याचा हा सुशिक्षित प्रकार. पण अभ्यासाने माझी पंचाईतच झाली, कारण माझ्या बाजूचा एकही मुद्दा सापडेना. बाईच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या पोकळीत शिरावं लागतं. पुरुषाचा सगळा मामला कातडीखाली, बोटाला लागेल इतका वर असतो. चीनमधल्या ली शुन्चियांग नावाच्या डॉक्टरांनी १९७४ साली बिनटाक्याची पद्धत काढली. तीत सुरीसुद्धा लागत नाही. जागा बधिर करायची, टोकदार चिमट्याने बारीकसं भोक पाडायचं, दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या एकेक करून बाहेर घ्यायच्या, कापायच्या, बांधायच्या आणि आत सोडायच्या. पाच-दहा मिनिटं, फार तर वीस. माणूस आपल्या पायांनी घरी. आमच्या ऑफिसात जेवणानंतर पान खायला याहून जास्त वेळ जातो.

तरी देशाचा हिशेब बघा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या जवळपास अडतीस विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आढळलं. ज्यांच्या नवऱ्याचं झालं होतं त्या शंभरात एकसुद्धा भरत नव्हत्या. ०.३ टक्के. म्हणजे हजार घरं पालथी घातली तर तीन पुरुष, आणि तेही बहुधा "हर्नियाचं केलं" असंच सांगणार.

रविवारी घरी बैठक बसली. ती कोणी बोलावली हे अजून उघड झालेलं नाही. मला मुलीवर संशय आहे.

आईने पदर डोळ्यांना लावूनच सुरुवात केली. "माझ्या लेकराचं ऑपरेशन?" हिच्याच सुनेला दोनदा टेबलावर घेतलं तेव्हा ही बाहेर बसून शांतपणे लोकरीचं टोपडं विणत होती. बायकोने तसं बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं तिचा चेहरा बघून मला वाटलं.

"तो कमावता माणूस आहे," आई म्हणाली.

"मीपण कमावते, आई."

"हो गं, पण त्याला जड उचलावं लागतं."

"काय?"

इथे सगळे विचारात पडले. मीही पडलो. गॅसचं सिलिंडर आणणारा मुलगाच स्वयंपाकघरापर्यंत ठेवून जातो. तांदळाचं पोतं दुकानदार पाठवतो. ऑफिसात फायलीसुद्धा शिपाई उचलतो. बराच वेळ शोधल्यावर आत्याने गणपतीची मूर्ती काढली. मूर्ती मीच उचलतो, वर्षातून एकदा, दीड फुटी.

सासूबाई आतापर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "तसं नव्हे हो. पुरुषाचं पुढचंही बघावं लागतं. उद्या काही कमी-जास्त झालं, दुसरं लग्न करायची वेळ आली, तर?" पोटच्या पोरीसमोर, तिनेच केलेल्या कांदेपोह्यांची बशी हातात धरून. गंमत म्हणजे बैठकीत कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या आईने तर मान डोलावली, आणि या दोघींचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ. बायको शांतपणे म्हणाली, "माझ्या तेराव्याला काय करायचं तेही आत्ताच ठरवा. हलवायाला ऑर्डर द्यायला बरं." यानंतर पोहे कोणी मागून घेतले नाहीत.

बैठक फिरवली ती थोरल्या काकांनी. काका जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर, आणीबाणीत ऐन उमेदीत होते. तेव्हा मास्तर, तलाठी, ग्रामसेवक या सगळ्यांना 'केस' आणण्याचं लक्ष्य ठरवून दिलेलं असे. केस म्हणजे नसबंदीला तयार झालेला माणूस. काका सांगतात, "मी पाढे शिकवायला निघालो तरी गावातले बाप्ये उसात पळायचे. एकदा एका घरात आवाज दिला, तर म्हातारी म्हणाली, घरात पुरुषमाणूस कोणी नाही. आणि माळ्यावर कोण तरी शिंकलं." १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या. आपल्या महाराष्ट्राने तर तीन मुलांनंतर सक्ती करणारं विधेयकच १९७६ साली विधिमंडळात मंजूर करून ठेवलं होतं. राष्ट्रपतींची संमती काही आली नाही, म्हणून पुष्कळांचं निभावलं. त्या दिवसांत लोकांवर झाला तो जुलूमच होता आणि त्याची थट्टा करवत नाही. पण त्यानंतर जे घडलं ते मात्र थट्टेलाच लायक आहे. मार्च १९७७मध्ये सरकारने आणीबाणी उठवली. पुरुषांनी ती आजवर उठवलेली नाही. उसात शिरलेले अजून बाहेर यायचे आहेत आणि तेव्हापासून रांगेत बायका उभ्या आहेत.

त्याआधीची तऱ्हा वेगळी होती, हे आज कोणाला खरं वाटत नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत चक्क रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं होती. माणूस ऑफिसातून सुटायचा, गाडीच्या आधी आत जायचा आणि उरकून घरी. केरळात एर्नाकुलमला १९७१च्या जुलैत भरलेल्या शिबिरात महिनाभरात साठ हजारांवर पुरुष आले होते. आणि आपण तर या विषयातले आद्य. र. धों. कर्वे नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर कोर्टात उभे राहिले. तरी कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' १९२७पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत चालवलं. एवढं झालेल्या भाषेत आमचा मित्रांचा कंपू आजही हा विषय निघाला की आधी वेटर लांब गेलाय का ते बघतो.

काकांनी एकदम मुद्दा टाकला. "आम्ही केससाठी चपला झिजवल्या. इथे केस स्वतःहून म्हणतेय, मला न्या. आणि तुम्ही अडवताय?" मी स्वतःहून म्हटलेलं नव्हतं. पण काकांच्या डोळ्यांत अपुरं राहिलेलं लक्ष्य पूर्ण होत असल्याचं समाधान होतं, त्यामुळे मला दुरुस्ती सुचवता आली नाही.

मित्रांकडून वेगळीच माहिती मिळाली. एक म्हणाला, कमजोरी येते. दुसरा म्हणाला, वजन वाढतं. (तो स्वतः काहीच न करवून घेता शंभराच्या घरात आहे.) तिसऱ्याची शेती आहे. त्याने वासराचा बैल कसा करतात ते इतक्या तपशिलाने सांगितलं की समोरची चकली मी तशीच ठेवली. ही तुलना गावोगाव चालते, आणि साफ चुकीची आहे. बैलाचे अंडकोषच निकामी करतात. माणसाचे होते तिथे, होते तसे राहतात. पुरुषीपणाचा जो काही रस असतो तो रक्तात उतरतो, शुक्रवाहिनीतून जात नाही. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असतो, त्यामुळे डोळ्यांना फरकसुद्धा कळत नाही. हे मी समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी एकाने विचारलं, "पण वहिनींना का नाही चालत?"

खरी कसोटी पुढेच होती. या कामासाठी सरकार आपल्या नोकराला विशेष नैमित्तिक रजा देतं. रजा भरपगारी असते आणि खात्यातून वजा होत नाही. अडचण एवढीच की अर्जात कारण लिहावं लागतं. अर्ज आस्थापना लिपिकाकडे जातो, तिथून अधीक्षकांकडे, तिथून साहेबांकडे, आणि प्रत्येक टेबलावर आवक-जावक नोंद होते. चहावाला आमच्याकडे कायम आवक-जावकपाशीच उभा असतो. मी अर्ज सकाळी दिला. जेवणाच्या सुट्टीत कार्यकारी अभियंत्यांच्या ड्रायव्हरने माझ्याशी हात मिळवला.

पाण्याच्या खात्यातली माणसं. त्यांना आणखी काय हवं होतं? "साहेब, आवर्तन बंद?" "उन्हाळी पाळी सुटणार की नाही?" "टेलच्या शेतकऱ्याला कळवलं का?" अशी दिवसभर चौकशी झाली. आमच्या शाखा अभियंत्याला मात्र खरीच तांत्रिक शंका होती. तो खुर्ची ओढून गंभीरपणे म्हणाला, "दारं बंद केली तर वरच्या बाजूला साठा वाढत जाणार. सांडवा नाही. मग भिंतीवर दाब?" ही शंका मी डॉक्टरांना जशीच्या तशी विचारली. ते म्हणाले, शुक्रजंतू तयार होतच राहतात, शरीर ते शोषून घेतं. दाब नाही, पूर नाही. हे ऐकून अभियंता हळहळला. इतकी वर्षं खात्यात काढून स्वतःच जिरवणारं धरण त्याने पाहिलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात खिडकीवरच्या बाईंनी केसपेपर लिहायला घेतला. "पेशंटचं नाव?" मी माझं सांगितलं. "नवऱ्याचं नाव नाही, पेशंटचं सांगा." मी म्हटलं, पेशंट मीच. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्या मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं आणि तिला विचारलं, "बाई, तुमचं करायचंय ना?" बायको म्हणाली, "नाही. मी यांना घेऊन आलेय." तिथून पुढे मला फक्त टाळ्या वाजायच्याच बाकी होत्या. आतून एक सिस्टर बघायला आल्या, मग दुसऱ्या आल्या. एका आशाताईंनी तर शेजारच्या बाकावरच्या दोन नवऱ्यांना माझ्याकडे बोट करून दाखवलं. ते दोघे लगेच पाणी प्यायला उठले. परत आलेले मी पाहिले नाहीत.

फॉर्मवर माझी सही हवी होती. बायकोची लागत नाही, नियमात नाही. याचं तिला फार वाईट वाटलं. वय साठच्या आत, लग्न झालेलं, आणि एक तरी मूल वर्षापेक्षा मोठं, एवढ्या अटी. शिवाय सरकार हजार-दीड हजारांच्या घरातली रक्कम देतं, ती बाईला मिळते त्याहून जास्त असते. कारण उघड आहे, बाई तशीही येते.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बधिर करायची सुई टोचते, तेवढंच. त्यानंतर कोणी तरी आत काही तरी ओढतंय असं जाणवतं, दुखत नाही. डॉक्टर मात्र गप्पिष्ट होते. माझं खातं त्यांनी कागदावर वाचलं होतं. हातात चिमटा आणि नजर कामावर ठेवून त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय धरण? यंदा किती टक्के?" अशा अवस्थेत मी त्यांना उपयुक्त साठ्याची टक्केवारी दिली. ती जरा वाढवूनच दिली असावी. ते म्हणाले, "चला, झालं." धरणाचं म्हणताहेत की माझं, हे कळायला एक क्षण लागला.

घरी आलो तर आईने बाळंतिणीची खोली लावून ठेवली होती. पंख्याखालून पलंग हलवलेला. कानाला बांधायला मफलर. डिंकाचे लाडू. अळिवाची खीर. सुनेच्या दोन्ही बाळंतपणांत झालं नव्हतं इतकं सगळं, आणि शेकशेगडी पेटवायची तेवढी बाकी. डॉक्टरांनी शेक नको, बर्फाची पिशवी सांगितली होती, यावर तिचा अजूनही विश्वास नाही. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर सायकल नाही आणि लंगोट किंवा घट्ट चड्डी, एवढंच पथ्य. लंगोटाचं नाव ऐकून काका हेलावले. त्यांच्या तालमीनंतर घराण्यात तो पुन्हा कोणी नेसला नव्हता. धाकट्याला आम्ही "बाबांना जरा बरं नाहीये" असं सांगितलं होतं. त्याने सोसायटीच्या वॉचमनला सांगितलं, "बाबांची नस कापली, आता आमच्याकडे बाळ येणार नाही." संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांना कळलं, आणि दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या तीन वहिन्यांनी माझ्या बायकोला पाककृती विचाराव्यात तशा आवाजात विचारलं, "कसं तयार केलंत हो?"

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी, कारण ती विसरणारे पुरुष डॉक्टरांना शिव्या देत फिरतात आणि बायकोकडे नको त्या नजरेने बघतात. ऑपरेशन झालं म्हणजे त्या दिवसापासून सुट्टी, असं नाही. दारं टाकल्यावरही खालच्या कालव्यात साठलेलं पाणी असतंच. ते जाईपर्यंत, म्हणजे तीन महिने, दुसरं साधन वापरावंच लागतं. त्यानंतर वीर्याची तपासणी. मी बाटली घेऊन गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने "कशाचं सँपल?" असं हॉलभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं. एव्हाना मला कोणाचीच भीती राहिली नव्हती. मीही तेवढ्याच आवाजात सांगितलं. रिपोर्ट आला, शून्य. शाळेत शून्यावर मार खाल्लेल्या माणसाला शून्यासाठी पेढे वाटावेसे वाटले.

मग सरकारने सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र दिलं. ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावावं असं काकांचं मत आहे. सध्या ते कपाटातल्या फायलीत, सातबारा आणि जातपडताळणीच्या मध्ये आहे. यापैकी सर्वांत कमी खेटे त्यालाच लागले.

तुमचंही "आमचं झालं" म्हणून झालं असेल तर पुरुष नसबंदी पंधरवडा दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असतो. एरवीही होतं, पण त्या दिवसांत सगळे जरा जास्त प्रेमाने बोलतात. आधार कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स जवळ ठेवा, पँट सैल घाला आणि केसपेपरच्या खिडकीवर स्वतःचं नाव मोठ्याने सांगा. नंबर लगेच लागतो. पुढे कोणी नसतं.